मदत हवी आहे: नववी-दहावीच्या मुलांची आवड आणि क्षमता जुळत नसेल तर काय सुचवावं?

नमस्कार मंडळी,

मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि करिअर मार्गदर्शनाचे तासही घेते. सुरुवात कल चाचणीने करते. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ साली मांडलेले माणसांच्या आवडींचे सहा प्रकार मुलांना पटकन समजतात: हातांनी काम करणारे, शोधक, कलात्मक, माणसांत रमणारे, पुढाकार घेणारे आणि पद्धतशीर काम आवडणारे.

अडचण त्यापुढची आहे. कल चाचणी आवड सांगते, कुवत नाही. त्यासाठी अभिक्षमता चाचणी वेगळी. दोन्हींचे निकाल उलट दिशेला गेले की मुलं गोंधळतात, आणि पालक हमखास गुणांकडे बोट दाखवतात. शिवाय जे काम मुलाने कधी पाहिलंच नाही, त्याबद्दल तो ‘आवडत नाही’ असं लिहितो, तेव्हा त्या उत्तराला किती वजन द्यायचं? मला तर खरी गोम इथेच वाटते. चौदाव्या-पंधराव्या वर्षी आवडी अजून घडतच असतात, म्हणून एकाच निकालावर कुणाची वाट बंद करणं मला पटत नाही.

असे विरोधी निकाल तुम्ही मुलांना कोणत्या शब्दांत समजावता? प्रत्यक्ष कामाच्या जागी एखादा दिवस घालवण्याचा उपक्रम कुणी केला असेल, तर नंतर मुलांशी काय बोललात? आणि पालकांना चर्चेत आधीच घ्यावं की मुलाचं स्वतःचं मत थोडं पक्कं झाल्यावर? समुपदेशकांनी जरूर लिहावं.