घोडबंदरला कंटेनरच्या डावीकडून स्कूटर काढता का?

कासारवडवलीकर: सेकंड शिफ्ट सुटली की ऐरोलीहून स्कूटरने घरी येतो, तेव्हा माजिवड्यापासून पुढे नुसते कंटेनर आणि ट्रेलर, त्यात हा पाऊस. परवा मानपाड्याच्या पुढे एका ट्रेलरच्या डावीकडे मस्त गॅप दिसली म्हणून घुसलो तर तो हळूहळू माझ्याच अंगावर यायला लागला, पंपाकडे वळत होता म्हणे. हॉर्न दिला तरी ढिम्म. करकचून ब्रेक मारला, मागचं चाक सरकलं पण पडलो नाही. ह्यांना दिसत नाही की मुद्दाम करतात?

ट्रेलरवाल्याचा_पुतण्या: दिसत नाही रे भावा. काका न्हावाशेवा ते गुजरात ट्रेलर चालवायचे, मी केबिनमध्ये बसलोय. ड्रायव्हर उजवीकडे आणि उंचावर, डाव्या दाराखाली अख्खी बाईक उभी असली तरी पत्ता लागत नाही. आणि तुला दिसली ती गॅप नव्हतीच. चाळीस फुटी कंटेनर डावीकडे वळवायचा तर आधी उजवीकडे ओढावा लागतो, नाहीतर मागची चाकं आतून कापत फुटपाथवर चढतात. ती जागा त्या चाकांची. त्याच्या आरशात त्याचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तू दिसत नाहीस, एवढं बघ.

वाशीवाली: आणि करकचून मारू नकोस, पावसात चाक लॉक होतं. साठच्या स्पीडला सेकंदाला सोळा-सतरा मीटर जातो आपण, ब्रेकला हात जाईपर्यंत तेवढं अंतर संपलेलं असतं! अंतर ठेव आणि दोन्ही ब्रेक हळूहळू दाब. आमच्या पाम बीचला रस्ता मोकळा म्हणून लोक विमान चालवतात, ते वेगळंच.

खड्डेमित्र: सगळं आपणच करायचं, रस्ता कोण नीट करणार? पाणी साचलं की खड्डा कळत नाही, कामाच्या जागी टाकलेल्या लोखंडी प्लेटा तर साबणासारख्या.

ट्रेलरवाल्याचा_पुतण्या: खरंय, शिव्या द्यायच्या तेवढ्या दे. पण प्लेटवर असताना ब्रेक आणि हँडल दोन्ही सोडून दे बाबा, म्हणजे हँडल धर, वळवू नको 😄

कासारवडवलीकर: आरशाचं माहीतच नव्हतं. काल मागेच थांबलो तर मागचा रिक्षावाला पीं पीं करून डोकं खात होता, शेवटी तोच डावीकडून घुसला.

वाशीवाली: घुसू दे. हेल्मेटचा पट्टा लावतोस ना, की नुसतं डोक्यावर ठेवतोस?