क्यूजीआयएस : तालुकावार लोकसंख्या घनतेचा नकाशा, जोडणीत सगळीकडे नल येतंय

माणदेश_नकाशे

सातारा जिल्ह्याच्या ११ तालुक्यांचा लोकसंख्या घनतेचा नकाशा करायचा आहे. क्यूजीआयएस ३.३४ (नकाशे बनवायचं मोफत सॉफ्टवेअर) वापरतोय. तालुका सीमांची शेपफाइल (नकाशातल्या आकारांची फाइल; ईपीएसजी ४३२६, म्हणजे अक्षांश-रेखांश अंशांत) आणि २०११ च्या जनगणनेची सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) हाताशी आहे. तीन ठिकाणी गाडं अडलंय. तालुका कोड जुळवून दोन्हींची जोडणी केली की लोकसंख्येच्या रकान्यात नुसतं नल, म्हणजे रिकामं. आरोग्य केंद्रांचे ठिपके साताऱ्यात न दिसता पार नॉर्वेच्या वर समुद्रात पडतात. आणि घनता काढायला क्षेत्रफळ मोजलं, तर अख्ख्या जिल्ह्याचं ०.९ च्या आसपास येतं! कृपया पायरीपायरीने सांगा.

सह्यकडा

नलचं आधी सांगते, कारण नव्याने शिकणारे बहुतेक इथेच अडकतात.

२०११ चे तालुका कोड पाच अंकी आहेत आणि महाराष्ट्राचे कोड ० ने सुरू होतात. सीएसव्ही एकदा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की पुढचं शून्य गळतं. मग शेपफाइलमध्ये कोड पाच अक्षरी मजकूर आणि सीएसव्हीत चार अंकी संख्या. डोळ्याला सारखेच वाटतात, पण सॉफ्टवेअरच्या लेखी एकही जुळत नाही.

उपाय असा. 'ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर'मधून सीएसव्ही आणा, 'नो जॉमेट्री' निवडा (या तक्त्यात ठिकाणांचे आकार नाहीत). मग फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये मजकूर प्रकारचा, ५ लांबीचा नवा व्हर्च्युअल (मूळ फाइलमध्ये न साठवला जाणारा) रकाना करा. त्यात कोड आधी मजकुरात बदला आणि एलपॅड फंक्शनने डावीकडे शून्य भरून पाच अक्षरं पुरी करा. आता तालुका लेयरच्या (नकाशातल्या तालुक्यांच्या थराच्या) प्रॉपर्टीजमध्ये 'जॉइन्स', हिरवं अधिक चिन्ह, आणि दोन्हीकडचे कोड निवडा.

नावावर जोडणी करू नका. जावळीचं इंग्रजी स्पेलिंग एका तक्त्यात 'डब्ल्यू' घालून असतं, दुसऱ्यात 'ओ' घालून. माणचंही तेच, एक 'ए' की दोन.

अक्षांश१७

ठिपके समुद्रात पडतात कारण एक्स आणि वायची अदलाबदल झाली आहे. आपण बोलताना 'अक्षांश-रेखांश' म्हणतो, म्हणून हात आपोआप एक्सच्या चौकटीत अक्षांश टाकतो. एक्समध्ये रेखांश हवा. सातारा शहर साधारण १७.७ उत्तर, ७४ पूर्व. उलटं भरलं की ते ७४ उत्तर, १७.७ पूर्व होतं, म्हणजे नॉर्वेच्या वरचा आर्क्टिक समुद्र.

क्षेत्रफळाचं कारण वेगळं. तुमची लेयर अंशांत आहे, त्यामुळे 'एरिया' फंक्शन चौरस अंश देतं. ०.९ आलं ते चौरस अंशच. लेयर ईपीएसजी ३२६४३ मध्ये (यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे मीटरमध्ये मोजणारी पद्धत) एक्सपोर्ट करा. लेयरवर राइट क्लिक, 'एक्सपोर्ट', 'सेव्ह फीचर्स ॲज', फॉरमॅट जिओपॅकेज. शेपफाइल ठेवू नका, तिच्यात रकान्याचं नाव १० अक्षरांवर कापलं जातं आणि मराठी नावांची कधीकधी प्रश्नचिन्हं होतात. आता क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये येईल, म्हणून लोकसंख्येला (क्षेत्रफळ भागिले १० लाख) ने भागा. घनता दर चौ. किमी मिळेल. रकाना दशांश प्रकारचा घ्या.

एक चूक मात्र कटाक्षाने टाळा. 'सेट लेयर सीआरएस' (सीआरएस म्हणजे ठिकाणं मोजायची पद्धत) म्हणजे रूपांतर नव्हे. त्याने आकडे तसेच राहतात, फक्त पाटी बदलते. ७४ आणि १७ हे अंश मग मीटर समजले जातात आणि सातारा मालदीवच्या पश्चिमेला विषुववृत्तावर जाऊन बसतो.

(यूटीएममध्ये पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात; ४३ चा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये येतात, त्यांना ३२६४४ लागेल.)

माणदेश_नकाशे

दोघांचेही आभार. ठिपके जागेवर आले, नलही गेलं. पण तालुक्यांची बेरीज २४,३३,३६३ येतेय. जिल्हा तर ३० लाखांचा आहे ना?

सह्यकडा

ती नेमकी ग्रामीण लोकसंख्या आहे. जनगणनेच्या तक्त्यात प्रत्येक तालुक्याच्या तीन ओळी असतात: एकूण, ग्रामीण, नागरी. तिन्हींना कोड एकच. जोडणी त्यातली एकच उचलते. सीएसव्ही लेयरवर फिल्टर लावून 'टीआरयू' (एकूण/ग्रामीण/नागरी) रकान्यात फक्त 'टोटल' ठेवा, आणि 'लेव्हल' रकान्यात उपजिल्हा, म्हणजे तालुका. बेरीज ३०,०३,७४१ आली पाहिजे, क्षेत्रफळ १०,४८० चौ. किमीच्या जवळपास आणि जिल्ह्याची घनता २८७. हे तीन आकडे जुळल्याशिवाय रंगाला हात लावू नका.

ठाण्याचा नकाशा कराल तेव्हा लक्षात ठेवा, २०११ च्या ठाण्यात पालघर आहे. तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला.

रंगपट्टी

लेयरच्या 'सिम्बॉलॉजी'त (रंगरूपाच्या सेटिंगमध्ये) 'ग्रॅज्युएटेड' (आकड्यांप्रमाणे रंग) घ्या, व्हॅल्यूमध्ये घनता. एकूण लोकसंख्या रंगवू नका, ती ठिपक्याच्या आकाराने दाखवायची गोष्ट आहे. पाटणची लोकसंख्या कोरेगावपेक्षा जास्त, म्हणून एकूण आकड्यावर पाटण गडद होतो. प्रत्यक्षात तिथे डोंगर आणि कोयनेचा जलाशय, वस्ती विरळ. घनता घेतली की पाटण फिका होतो आणि कराड गडद, तेच खरं चित्र.

११ तालुक्यांना ४ वर्ग पुरेत. 'नॅचरल ब्रेक्स' (आकड्यांमधल्या मोठ्या फटींवर वर्ग पाडणारी पद्धत) लावून आकडे कुठे तुटतात ते बघा, मग हाताने २००, ३००, ४०० अशा गोल सीमा द्या. रंग एकाच छटेचे, फिक्याकडून गडदकडे. लाल-हिरवं घेऊ नका, कित्येकांना त्यातला फरक दिसत नाही.

प्रिंट लेआउटमध्ये आडव्या ए४ वर १ : ८,००,००० प्रमाण नीट बसतं, जिल्हा साधारण १८ सेंमी रुंद येतो. लेबलला युनिकोड फाँट द्या, नोटो सान्स देवनागरी चालेल. लेजंडचं (रंगांच्या सूचीचं) 'ऑटो अपडेट' काढून 'व्यक्ती दर चौ. किमी' हाताने लिहा, नाहीतर तिथे रकान्याचं कच्चं नाव छापून येतं.