मोबाइल नव्हता तेव्हा तुमचं भेटायचं कसं ठरायचं?

१९९१ साली देशाची लोकसंख्या होती ८४ कोटींच्या वर आणि टेलिफोनच्या जोडण्या साधारण ५० लाख. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी फोन नव्हता, आणि असलाच तर ज्याला करायचा त्याच्या घरी नव्हता. तरी आपण सिनेमे पाहिले, गड चढलो, लग्नांना ट्रक भरून गेलो. ‘तेव्हा काय मजा होती’ हे आपण एकमेकांना पुष्कळदा सांगून झालंय. इथे मला कारभार हवा आहे. निरोप कोण द्यायचं, कुठे थांबायचात, किती वेळ थांबायचात, आणि कोणी आलंच नाही तर काय करायचात?

सुरुवात मी करतो. आमचा ट्रेकवाल्यांचा कंपू अर्धा डोंबिवलीत, अर्धा पुण्यात. राजमाचीला जायचं तर आम्ही कर्जतला उतरून कोंदिवड्याहून चढणार, पुणेकर लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूने येणार. सगळी ठरवाठरवी १५ पैशांच्या पोस्टकार्डावर. मजकूर छापल्यासारखा तोच: ‘दुसरा शनिवार. रात्री भैरवनाथाच्या देवळात. येत नसशील तरच उलट टपाली कळव.’ या शेवटच्या वाक्यावर आमचं सगळं चालायचं. उत्तर नाही याचा अर्थ माणूस येतोय. हल्ली ग्रुपवर उत्तर नाही याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहीत आहेच.

शिवाय एक व्यवस्था मुद्दाम केलेली होती. तांदूळ आमच्याकडे, डाळ-मसाला पुणेकरांकडे. त्यामुळे एका बाजूने दांडी मारणं दुसऱ्याला परवडणारं नव्हतं. एका पावसाळ्यात पुणेकरांची गाडी रखडली. रात्री आम्ही उधेवाडीतल्या एका मावशींकडून लोणचं मागून नुसता भात खाल्ला. ते पहाटे उजाडता उजाडता पोचले, डाळ घेऊन. पहिलं वाक्य, ‘भात उरलाय का?’

पेठेतली

मुलांना काय, वाड्याच्या दारात सायकल टेकवून शिट्टी मारली की झालं. आम्हा मुलींचं तसं नव्हतं. मैत्रिणीकडे जायचं तर ‘काकू, सुनीता आहे का?’ असं विचारत थेट स्वयंपाकघरापर्यंत जावं लागायचं, आणि काकूंच्या हातचा लाडू खाल्ल्याशिवाय मूळ विषयाला हात घालता यायचा नाही. विषयही काकूंसमोरच. म्हणून खरं ठरवणं निघताना चप्पल घालायच्या वेळात व्हायचं. दारात उभं राहून चप्पल घालायला आम्हाला इतका वेळ का लागतो, हे सुनीताच्या आजीला मात्र बरोबर कळायचं.

मग कोपऱ्यावर नाण्याचा लाल डबा आला. त्याची एक खुबी आठवतेय का कोणाला? फोन उचलला गेला की पलीकडचं ‘हॅलो, हॅलो’ आपल्याला ऐकू यायचं, पण नाणं आत सरकवल्याशिवाय आपला आवाज पलीकडे जायचा नाही. म्हणजे कोणी उचललाय ते फुकटात कळायचं. वडिलांचा आवाज आला की ठेवून द्यायचा, रुपया वाचला. मित्राच्या घरी करायचा असेल तर (हो, मित्राच्या) ही सोय फारच मोलाची. आणि आपल्या घरी असे न बोलणारे फोन वाढले की आमच्या बाबांचा ठरलेला शेरा, ‘लाइनमध्ये बिघाड आहे, तक्रार करायला हवी.’ आई काही बोलायची नाही.

खेड तालुका

तुमचं शहरातलं वाचून गंमत वाटली. आमच्याकडं फोन ग्रामपंचायतीत एक, त्याला कुलूप. पण शनिवारी चाकणचा बाजार. बटाटा-कांदा, बैलं, शेळ्या, आणि त्या निमित्तानं दहा गावची माणसं एका ठिकाणी. कोणाला काही सांगायचं असलं की शनिवारपर्यंत दम धरायचा. स्वतः गेलं नाही तरी चालायचं, आपल्या गावचा कोणीतरी जायचाच. ‘त्या अमक्याच्या पोराला म्हणावं, चैत्रात यात्रंला ये, कुस्त्या हायेत,’ एवढं सांगितलं की निरोप पोचला.

तालमीतल्या पोरांचं तर आणखी सोपं. यात्रा तिथीवर ठरलेल्या. कोणत्या गावची कधी हे पाठ. फड लागला की सगळे दोस्त तिथंच. वर्षातनं तीन-चार यात्रा सापडल्या की वर्षभराच्या गप्पा भागायच्या. कुठं भेटायचं हे विचारायचीच गरज नव्हती, हलगी वाजती तिकडं जायचं. आणि एखादा दोन यात्रांना दिसला नाही तर तिसऱ्याच्या आधी त्याच्या गावाला जाऊन यायचं. आजारी असंल, नाहीतर घरात काही झालं असंल. माणूस उगाच चुकत नाही.

बर्डीवाला

नागपूर. व्हरायटी चौक. संध्याकाळी सहा. काहीच ठरवाचं नाही, जाऊन उभं राहाचं. दोघं भेटले तर चहा, चौघं भेटले तर पिक्चर. संपलं.

८.१२ फास्ट

मी अंबरनाथहून फोर्टात नोकरीला होतो. आमची भेट ठरवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती रोज होती. तीच गाडी, पुढून तिसरा डबा, तोच दरवाजा. कुणाच्या मुलाची मुंज, कुणाला कर्ज हवंय, शनिवारी अर्ध्या दिवसानंतर क्रिकेटची मॅच बघायला कोण येतंय, सगळं कल्याण ते ठाणे ठरायचं. ठाण्यानंतर पत्ते.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला तेव्हा आमच्यापैकी काही जण तिथून चालत पाच मिनिटांवर होते. फोन लागेनात. आणि खरं सांगायचं तर एकमेकांचे घरचे पत्ते आम्हाला माहीत नव्हते. वर्षानुवर्षं रोज भेटणारी माणसं, पण अमका बदलापूरला चढतो आणि तमका उल्हासनगरला, एवढीच ओळख. दुसऱ्या दिवशी बायकोचा विरोध पत्करून मी गाडी पकडली, ऑफिस उघडं असेल की नाही याचीही खात्री नसताना. डब्यात जवळपास सगळे आले होते. बहुतेकांना कामावर जायचंच नव्हतं. एक जण दिसेना म्हणून घाबरलो, तर त्याची पाळी बदललेली होती, हे कुणाला तरी आठवलं. त्या दिवशी पहिल्यांदा एका वहीत सगळ्यांचे पत्ते लिहून घेतले.

मसुऱ्याची

आंगणेवाडीच्या जत्रेचं कोणी लिहिलं नाही अजून? आमची तारीख कॅलेंडरवर नसते. भराडी देवीचा कौल घेऊन ठरते, दरवर्षी वेगळी. त्यामुळे गिरगाव, लालबाग, भांडुप असे विखुरलेले आम्ही सगळे त्या एका बातमीची वाट बघत असायचो. तारीख कळली की मुंबईभर निरोप फिरायचा, आणि तो फिरवायला कोणालाच सांगावं लागायचं नाही. खानावळीत, गिरणीच्या गेटावर, गावच्या मंडळाच्या खोलीत. ‘तारीख इली’ एवढे दोन शब्द.

माझ्या शाळेतल्या मैत्रिणी लग्न होऊन कुठे कुठे गेलेल्या. पत्रं कोणी लिहीत नव्हतं, लिहायचं म्हटलं तरी पोस्टमन ते सासूच्या हातात देणार. पण जत्रेला माहेरवाशिणी यायच्याच. मी रांगेत उभी असताना मागून हाक यायची, ‘गो, किती बारीक झालंस!’ इतकी वर्षं आम्ही जत्रेत भेटलो आणि आधी ठरवून एकदाही नाही. आता फोन आहेत. ‘बघतंय गो, जमला तर येतंय’ असं येतं, आणि मग कोणी येत नाही.

चाळकरी

वरचे सगळे अनुभव गोड आहेत, माझा जरा वेगळा. चाळीत आमच्या मजल्यावर फोन एकाच बिऱ्हाडात. बाकीच्या सगळ्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर, अर्जावर त्यांचाच नंबर, पुढे ‘पी. पी.’ लिहिलेलं. फोन आला की त्यांचा मुलगा गॅलरीत येऊन ओरडणार आणि अख्ख्या मजल्याला कळणार की अमक्याला फोन आलाय. आत गेल्यावर ती मंडळी जेवत असली तर आपण भिंतीला तोंड करून बोलायचं. त्या घरातल्यांचा आपल्या घरावर राग असला तर निरोप ‘विसरला’ जायचा. कोणत्या बिऱ्हाडाला लगेच बोलवायचं आणि कोणाला ‘नंतर करा’ म्हणायचं, यात जे काही होतं ते सगळ्यांना कळत होतं, कोणी उच्चारत नव्हतं. माझ्या एका मुलाखतीचा निरोप असाच दोन दिवसांनी पोचला. त्यामुळे ‘तेव्हा माणसं माणसांना धरून होती’ वगैरे वाचलं की मला ती गॅलरी आठवते. १९९५ ला देशात मोबाइल आला तेव्हा परवडणारा नव्हता, आणि पुढे २००३ पर्यंत आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. तरी मी तो लवकर घेतला तो याच कारणाने.

पेठेतली

@चाळकरी, हे बरोबर आहे. आमच्या वाड्यातही निरोप कोणाचा पोचायचा आणि कोणाचा नाही हे ठरलेलं असायचं. लाडू खाणाऱ्यांना ते दिसलं नाही.

चैत्रगौर

माझ्या आईच्या पिढीचा अनुभव तिला विचारून लिहितेय. तिच्या मैत्रिणींना भेटायचं म्हणून भेटणं शक्यच नव्हतं, घरातून निघायला कारण लागायचं. ती सगळी कारणं पंचांगात होती. चैत्रातलं हळदीकुंकू, श्रावणातली मंगळागौर, संक्रांतीचं वाण, मार्गशीर्षातले गुरुवार. बोलावणं करायला आम्हा पोरांना पाठवायचे. परकर-पोलकं घालून घराघरांत जायचं आणि एका दमात म्हणायचं, ‘आमच्याकडे उद्या हळदीकुंकू आहे, पाच ते आठ, आईनं बोलावलंय.’ एखादं घर राहिलं तर तो रुसवा पुढच्या चैत्रापर्यंत. म्हणून आई यादी करून द्यायची आणि परत आलो की एकेक नाव घेऊन उलटतपासणी.

आई म्हणते, पाच ते आठ ही वेळ पाहुण्यांसाठी. जवळच्या दोघी साडेसातला यायच्या, म्हणजे मागे थांबून डाळ-पन्ह्याची भांडी आवरता आवरता बोलता यायचं. ‘वाटली डाळ उरायला हवी एवढी आधीच करायची,’ असं तिनं मुद्दाम लिहायला सांगितलंय.

न्यू जर्सीकर

ऐंशीच्या दशकातली अमेरिका. तिथे फोन ढीगभर, पण लांबचा कॉल आम्हा विद्यार्थ्यांना परवडायचा नाही. मग कलेक्ट कॉल, म्हणजे पैसे पलीकडच्याने भरायचे. ऑपरेटर आपलं नाव विचारायची आणि पलीकडे सांगायची की अमक्यांचा फोन आहे, पैसे भराल का? आम्ही नाव सांगायचो, ‘मिस्टर बस सातला पोचते’. ती बिचारी ते तिच्या उच्चारात तसंच्या तसं म्हणायची. पलीकडचा नम्रपणे नकार द्यायचा आणि सातला ग्रेहाउंडच्या थांब्यावर हजर. खर्च शून्य.

नव्या गावात गेलं की बूथमधली जाडजूड डिरेक्टरी काढायची आणि कुलकर्णी, जोशी, देशपांडे बघायचे. सापडला की सरळ फोन. ‘मी अमका, पुण्याचा, तुम्ही मराठी ना?’ जेवायचं बोलावणं बहुतेक त्याच फोनवर.

बेतीचा

आमच्या गोव्यात ठरवायला नदी होती. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला आणि पर्वरी-म्हापशाकडच्या सगळ्यांना पणजीला जायला फेरीबोट. त्याआधी मित्राला भेटायचं तर आझाद मैदानाजवळ अमुक वाजता असं सांगावं लागायचं. पूल पडल्यावर सगळा बार्देश तालुका फेरीच्या धक्क्यावर. रांगेत उभं राहिलं की शाळेतला सोबती, मावसभाऊ, बँकेतला कारकून, एकेक दिसायचे. लोक पुलाला शिव्या घालत होते आणि मीही घालत होतो, भर पावसात भिजत. पण कॉलेजातल्या आमच्या कंपूची तितकी गाठ नंतर कधी पडली नाही.

दादरकर

किती वेळ थांबायचं, याचं उत्तर कोणीच दिलं नाही. आमच्यात नियम होता: दोन लोकल. म्हणजे तो ज्या गाडीने येणार ती आणि तिच्यानंतरची. दुसरीतूनही उतरला नाही तर निघायचं, आणि शिवाजी मंदिरला नाटक असेल तर त्याचं तिकीट दारावरच्या माणसाकडे नाव सांगून ठेवायचं.

दादरची खरी अडचण वेगळी. पश्चिम रेल्वेचा एक नंबर प्लॅटफॉर्म आणि मध्य रेल्वेचा एक नंबर प्लॅटफॉर्म, दोन्ही तिथेच. ‘एक नंबरवर पुलाखाली’ एवढंच ठरवून दोन माणसं पाऊण तास दोन वेगवेगळ्या एक नंबरांवर उभी राहिलेली मी पाहिली आहेत. दोघंही वेळेवर, दोघंही रागावलेले. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या बाजूला ८ ते १४ असे नवे आकडे लावले, तेव्हा एक नंबर एकच उरला. परवा कॅनडाहून आलेल्या मित्राला म्हटलं, एक नंबरवर ये. त्याने विचारलं, ‘कुठला?’ मी म्हटलं, आता एकच आहे. पाच मिनिटांनी त्याचा फोन, ‘मी आठवर आहे, पूर्वीचा एक हाच होता ना?’