दोष मुकादमाच्या पलीकडचा

'वाईट मुकादम हटवले की ऊसतोडीतलं शोषण थांबेल', हे म्हणणं मला पटत नाही. मुकादम म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा कंत्राटदार. आमच्या चाळीसगावकडून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी तांडेच्या तांडे रिकामे होतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाच्या हातून मिळते, पैसा मात्र कारखान्याकडून आलेला असतो आणि मजुराशी कारखान्याचा थेट करार नसतो. हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी टनावर. शेजारची वहिनी बाळंतपणानंतर विसाव्या दिवशी उसाच्या फडात उतरली; ती घरी बसली असती तर जोडी मोडली असती, उचल फिटली नसती. स्वस्त तोडणीचा हिशोबच असा बसवलाय!

संयुक्त राष्ट्रांची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वं कंत्राटदाराआडून होणारं नुकसान रोखण्याची जबाबदारीही कंपनीवर ठेवतात. निदान हजेरीवर बाईचं वेगळं नाव तरी लागू द्या.