मदत हवी आहे: दिवस 21 ला प्रोजेस्टेरॉन 0.6, आणि आता फॉलिकल ‘छोटा’. नक्की काय समजायचं?

मालव्याची सून:

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. वय 31. पाळी 34 ते 36 दिवसांनी येते, कॉलेजात असल्यापासून अशीच, पण चुकली कधी नाही. वर्षभर वाट बघून शेवटी डॉक्टरांकडे गेलो.

मागच्या महिन्यात औषध काही नव्हतं, नुसत्या तपासण्या. दिवस 2 चं एफएसएच, एलएच, शिवाय थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सगळं ठीक. यांचाही रिपोर्ट ठीक. माझं एएमएच 5.2. सोनोग्राफीत लिहिलंय ‘पीसीओ पॅटर्न, प्रत्येक ओव्हरीत 12 ते 14 फॉलिकल’ (पीसीओ म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी, फॉलिकल म्हणजे ज्यात अंडं वाढतं ती छोटी पिशवी). आणि दिवस 21 चं प्रोजेस्टेरॉन 0.6, त्याच्यासमोर लॅबवाल्यांनी ठळक अक्षरात ‘लो’ छापलंय. आतेसासूबाईंनी कागद बघितला आणि निकाल देऊन टाकला, ‘हिला अंडंच तयार होत नाही.’

या महिन्यात दिवस 3 ते 7 लेट्रोझोल 2.5. यांनी दवा बाजारातून आणलं, तर आतल्या कागदावर स्तनांच्या कॅन्सरचं औषध म्हणून माहिती! गोळ्या घेतल्या, पण धाकधूक आहेच. आता फॉलिक्युलर स्टडी चालू आहे, म्हणजे फॉलिकल किती वाढला ते सोनोग्राफीनं बघणं. कागद जसाच्या तसा उतरवते:

डी 10: आरओ एमएसएफ. एलओ 10 × 9. ईटी 5.1.
डी 13: आरओ एमएसएफ. एलओ 15 × 14. ईटी 6.8, टीएल. पीओडी निल.

सोनोग्राफीवाल्या मॅडम एवढंच म्हणाल्या, ‘अभी छोटा है, बाद में आइए.’ नणंदेचा म्हणे बाराव्या दिवशीच 20 झाला होता. आमच्या डॉक्टर चांगल्या आहेत, पण बाहेर ही गर्दी, आत गेल्यावर मला प्रश्नच आठवत नाहीत.

तर: 0.6 म्हणजे खरंच अंडं होत नाही का? इतके फॉलिकल असताना एकच का वाढतोय, बाकीचे कुठे जातात? ही गोळी इस्ट्रोजेन कमी करते असं वाचलं, मग तिनं अंडं वाढेल कसं? आणि हे पीसीओडी आहे का?

निवांत:

आरओ-एलओ म्हणजे उजवी आणि डावी ओव्हरी, ईटी म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराची जाडी, आकडे मिलिमीटरमध्ये. एमएसएफ म्हणजे मल्टिपल स्मॉल फॉलिकल्स, टीएल म्हणजे ट्रायलॅमिनर, गर्भाशयाचं अस्तर तीन रेघांचं दिसतंय. दोन्ही छान आहे. पीओडी निल म्हणजे गर्भाशयामागे पाणी नाही, अजून काही फुटलेलं नाही. बाकी जाणकार सांगतीलच.

ग्वाल्हेरकर बाई:

मी बी.एस्सी.च्या मुलींना फिजिऑलॉजी शिकवते, डॉक्टर नाही. औषधाचं तुझ्या डॉक्टरांनाच विचार, आत यंत्रणा कशी चालते ते मी सांगते.

आधी तो 0.6, कारण घरात त्याच्यावरून निकाल लागलेला दिसतोय. पाळीचे दोन भाग धर, अंडं सुटण्याआधीचा आणि नंतरचा. अंडं सुटलं की रिकाम्या फॉलिकलचा पीतपिंड होतो, म्हणजे कॉर्पस ल्युटियम. गर्भ राहिला नाही तर तो जेमतेम दोन आठवडे जगतो. म्हणून नंतरचा भाग बहुतेकींचा 12 ते 14 दिवसांचा असतो, फार हलत नाही. लांबतो तो पहिला भाग. 35 मधून 14 वजा कर. तुझं अंडं साधारण 21 व्या दिवसाच्या आसपास सुटत असणार.

आता गंमत बघ. प्रोजेस्टेरॉन तयार करतो तो पीतपिंड, आणि अंडं सुटल्याशिवाय तो जन्मालाच येत नाही. 21 व्या दिवशी तुझं रक्त काढलं तर 0.6 सारखाच आकडा येणार! ‘दिवस 21’ हा हिशेब 28 दिवसांच्या पाळीचा आहे. 35 दिवसांच्या पाळीत ती तपासणी 28 व्या दिवशी करतात, म्हणजे पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी. तेव्हा 3 नॅनोग्रॅमच्या वर आलं तर अंडं सुटलं असं धरतात. त्या रिपोर्टवरून तुला अंडं होतं असंही म्हणता येत नाही आणि होत नाही असंही. आतेसासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि एवढं सांग की रक्त चुकीच्या दिवशी काढलं होतं. लॅबचं मशीन ‘लो’ छापताना पाळी किती दिवसांची ते विचारत नाही.

एकच का वाढतो, हा प्रश्न मला वर्गात दरवर्षी येतो आणि मला तो फार आवडतो. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या ओव्हरीत 60 ते 70 लाख बीजं असतात. जन्माला येते तेव्हा 10 ते 20 लाख, वयात येते तेव्हा 3 ते 4 लाख. आयुष्यभरात सुटतात ती जेमतेम 400 ते 500. बाकी सगळी आतल्या आत विरतात. यात बिघाड काही नाही, रचनाच तशी आहे.

आज तुझ्या डावीकडे 15 दिसतोय तो फॉलिकल या महिन्यात उगवलेला नाही. झोपेतून उठून इथवर यायला त्याला कित्येक महिने लागले आहेत. शेवटचा टप्पाच सुमारे 85 दिवसांचा असतो. सुरुवातीची वाढ पिट्युटरीच्या, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीच्या, एफएसएच आणि एलएच या हॉर्मोनवर फारशी अवलंबून नसते. पाण्याची पोकळी धरून तो काही मिलिमीटरचा झाला की मात्र एफएसएचशिवाय पुढे सरकत नाही.

मागच्या पाळीचा पीतपिंड मेला की इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन उतरतात, पिट्युटरीवरचा दाब सुटतो आणि एफएसएच चढतं. त्या चढत्या एफएसएचवर फॉलिकलची एक तुकडी वाढायला लागते. पंगतीत सगळ्यांना वाढलं जातं, पण एकजण जरा जास्त जेवतो. 10 मिलिमीटरच्या आसपास तो पुढे निघतो, इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन बी सोडायला लागतो, आणि ही दोन्ही पिट्युटरीला सांगतात, आता एफएसएच कमी कर. वाढपी आखडता हात घेतो. बाकीचे उपाशी राहून विरतात. आपल्या शहाण्यानं मात्र तोवर एफएसएच धरणारे जास्त रिसेप्टर केलेले असतात, स्वतःकडे रक्तपुरवठा ओढलेला असतो, शिवाय एलएचचेही रिसेप्टर बसवलेले असतात. कमी एफएसएचवर त्याचं भागतं. म्हणजे इतरांना उपाशी ठेवणारा तोच! डावा की उजवा याचा नंबर लागलेला नसतो, जिकडचा पुढे गेला तिकडचा.

फॉलिकलच्या आतही कामाची वाटणी असते. बाहेरच्या थीका पेशी एलएचच्या सांगण्यावरून अँड्रोजेन म्हणजे पुरुषी हॉर्मोन बनवतात, आणि आतल्या ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएचच्या सांगण्यावरून अ‍ॅरोमॅटेज नावाच्या एन्झाइमनं त्याचं इस्ट्रोजेन करतात. हे अ‍ॅरोमॅटेज लक्षात ठेव, तुझी गोळी त्याच्यावरच बसते. पुढचं उद्या लिहिते, पेपर तपासायचे आहेत.

औषधवाला:

मी फार्मसीत आहे, गोळीचं सांगतो. लेट्रोझोल अ‍ॅरोमॅटेज बंद करतं. स्तनांचा काही प्रकारचा कॅन्सर इस्ट्रोजेनवर पोसतो, म्हणून तिथे ते रोज, वर्षानुवर्षे देतात. तुम्हाला दिलंय पाच दिवस. इस्ट्रोजेन थोडं पडलं की पिट्युटरीला वाटतं ओव्हरी काम करत नाहीये, ती एफएसएच वाढवते, फॉलिकल हलतो. गोळीचं अर्धं प्रमाण साधारण दोन दिवसांत शरीरातून जातं. अंडं सुटेपर्यंत फारसं काही शिल्लक राहत नाही.

तुमच्या मनातली भीती उगाच आलेली नाही. भारतात 2011 मध्ये वंध्यत्वासाठी लेट्रोझोल द्यायला बंदी आली होती, 2017 मध्ये ती उठली. जुन्या बातम्या अजून फिरतात. मधल्या काळात, 2014 मध्ये, अमेरिकेत पीसीओएस (पीसीओडीचंच दुसरं नाव) असलेल्या 750 बायकांवरचा अभ्यास आला होता. त्यात लेट्रोझोल घेणाऱ्या 27.5 टक्के बायकांना मूल झालं, क्लोमिफेन (याच कामाची जुनी गोळी) घेणाऱ्यांत 19.1 टक्के. त्यानंतर पीसीओएसमध्ये हीच गोळी आधी द्यायची पद्धत पडली. आतला कागद कंपनी मूळ उपयोगासाठी छापते, तो वाचून रात्र काढू नका.

जुना बटवा:

बाळा, फॉलिकल गरम पदार्थांनी लवकर फुटतो. रोज अननस आणि तिळाचं खा. आमच्या वेळी सोनोग्राफ्या नव्हत्या, तरी मुलं झालीच.

बडोदेकर:

काकू, तीळ खाऊ दे तिला, थंडी आहे. पण फॉलिकल फुटतो तो एलएचनं, अननसानं नाही.

मालव्याची सून, मी यातून गेलेय. व्यवहाराच्या गोष्टी सांगते. आतून सोनोग्राफी असेल तर लघवी करून जा, बाहेर बाटलीभर पाणी पीत बसू नकोस. शक्यतो त्याच मशीनवर, त्याच मॅडमकडे कर. दोघींच्या मोजणीत एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो आणि आपण घरी त्यावर रडत बसतो. एकट्या आकड्याकडे बघूच नकोस, आधीच्या आकड्यापासून किती वाढला ते बघ. पुढे निघालेला फॉलिकल दिवसाला साधारण 2 मिलिमीटर वाढतो. तुझा 10 चा 15 झालाय. अगदी चालीत आहे! नणंदेची पाळी किती दिवसांची, ते विचारलंस का? डॉक्टरांकडे जाताना प्रश्न मोबाइलमध्ये लिहून ने, मी तेच करायचे.

निवांत:

घरी एलएचची पट्टी वापरून बघा ना, सोनोग्राफीचे पैसे वाचतील.

बडोदेकर:

हिला सांगू नका. पीसीओ असलेल्यांत एलएच मुळातच चढं असू शकतं, मग पट्टी उगाच दोन रेघा दाखवते. माझ्या बाबतीत आठवडाभर दोन रेघा होत्या.

ग्वाल्हेरकर बाई:

पेपर संपले. राहिलेलं लिहिते.

इस्ट्रोजेन आधी पिट्युटरीला दाबतं म्हटलं. मग शेवटी एलएचची उसळी कशी येते? बारावीच्या मुलांचा गोंधळ इथेच होतो, कारण तेच हॉर्मोन दोन उलट कामं करतं. थोडं असलं तर दाबतं. पण मोठा फॉलिकल रक्तातलं इस्ट्रोजेन 200 पिकोग्रॅमच्या वर नेतो आणि सुमारे दोन दिवस तिथेच ठेवतो, तेव्हा हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीचा प्रतिसाद उलटतो आणि एलएच एकदम उसळतं. उसळी सुरू झाल्यापासून 34 ते 36 तासांत अंडं सुटतं. म्हणजे दिवस कोणता ते फॉलिकल स्वतः ठरवतो. तो तयार झाल्याशिवाय वरून आदेश येत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर या साखळीत कुठेच नाही. सोनोग्राफीवाल्या मॅडम ‘छोटा’ म्हणाल्या तेव्हा त्यांना इतकंच म्हणायचं असावं की अजून इंजेक्शनची वेळ झालेली नाही. ते एचसीजीचं इंजेक्शन एलएचची नक्कल करतं, फॉलिकल 18 ते 20 च्या पुढे गेला की देतात, आणि 36 तासांचा हिशेब तिथूनच येतो.

आता पीसीओ. तुझ्या ओव्हरीतले 12-14 हे ‘सिस्ट’ म्हणजे गाठी नव्हेत. ते वाट बघत थांबलेले छोटे फॉलिकल आहेत, आणि एएमएच तेच सोडतात. फॉलिकल जास्त म्हणून एएमएच जास्त, एकाच गोष्टीच्या या दोन बाजू आहेत. 2003 मध्ये रॉटरडॅमला ठरलं की तीनपैकी दोन गोष्टी असतील तर पीसीओएस म्हणायचं: अंडं अनियमित सुटणं, पुरुषी हॉर्मोन जास्त असल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतलं चित्र. तेव्हा एका ओव्हरीत 12 फॉलिकल पुरेसे धरत. मशिनं सुधारली, जास्त बारीक दिसायला लागलं, म्हणून 2018 मध्ये चांगल्या मशीनसाठी तो आकडा 20 वर नेला. तेव्हा 14 बघून कोणी ‘पीसीओडी आहे’ म्हणालं तर विचार, बाकीच्या दोनांपैकी काय आहे? हनुवटीवर केस, पुरळ, टेस्टोस्टेरॉन यांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. ते डॉक्टरांना स्पष्ट विचार.

खरा पीसीओएस असतो तेव्हा मेंदूकडून येणारे जीएनआरएचचे ठोके जलद पडतात. हे हॉर्मोन सलग वाहत नाही, तास-दीड तासानं ठोक्यासारखं येतं. ठोके जलद झाले की एलएच वाढतं आणि एफएसएच मागे राहतं, थीका पेशी अँड्रोजेन जास्त बनवतात, आणि सगळी तुकडी 8-9 मिलिमीटरला अडकून बसते. कुणीच पुढे निघत नाही. तुझा तर निघालाय.

मालव्याची सून:

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! बाई, तुमचा पहिला प्रतिसाद मी आतेसासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘मग आधी का नाही सांगितलं,’ आणि चहा टाकायला उठल्या. नणंदेची पाळी 27 दिवसांची निघाली. हनुवटीवर केस वगैरे काही नाही, टेस्टोस्टेरॉन कधी केलेलं नाही, आता विचारेन.

पुढचा कागद:

डी 16: एलओ 20 × 19. ईटी 8.2, टीएल. त्याच रात्री एचसीजीचं इंजेक्शन.
डी 18, संध्याकाळी: एलओ कोलॅप्स्ड. पीओडी मिनिमल फ्री फ्लुइड.

म्हणजे फुटला ना? डॉक्टरांनी रात्रीसाठी प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल लिहून दिल्यात. आणि लॅबच्या चिठ्ठीवर परत ‘डे 21 प्रोजेस्टेरॉन’ आहे. परवा ते मी देऊ का?

निवांत:

फुटला! अभिनंदन. मागचं पाणी त्याचंच.

ग्वाल्हेरकर बाई:

फुटला. 21 ला म्हणजे अंडं सुटून जेमतेम तीन दिवस होतील, प्रोजेस्टेरॉन अजून चढतच असेल. सातवा दिवस धर, म्हणजे 25. पण चिठ्ठी परस्पर बदलू नकोस, उद्या फोन करून विचार, ‘फॉलिकल 18 ला फुटलाय, रक्त 25 ला दिलं तर चालेल का?’ असं नेमकं विचारलंस तर दोन वाक्यांत उत्तर मिळेल.

औषधवाला:

आणि कॅप्सूल चालू असताना रक्त द्यायचं की नाही, हेही त्याच फोनवर विचारा. काही प्रकारचं प्रोजेस्टेरॉन रक्ताच्या आकड्यात मिसळतं, काही प्रकारचं तपासणीत दिसतच नाही. कॅप्सूलचं नाव पाकिटावरून नीट वाचून सांगा, बंद मात्र स्वतःहून करू नका.

मालव्याची सून:

सकाळी फोन केला. 25 लाच या म्हणाल्या, कॅप्सूल चालू ठेवायच्या, नाव चिठ्ठीवर लिहून आणा म्हणजे आकडा त्या हिशेबानं बघता येईल. टेस्टोस्टेरॉनही त्याच नमुन्यातून काढणार आहेत.