काकांची जुनी यामाहा जोडी घ्यावी की नवे बुकशेल्फ स्पीकर?

माजघर (धागाकर्ता)
मंडळी, सल्ला हवाय. दिवाळीत नवा स्टीरिओ ॲम्प घेतला, ४० वॉटचा. त्याला सध्या जोडलेत जुन्या म्युझिक सिस्टिमचे प्लास्टिकचे डबे. बायको म्हणते, एवढे पैसे घालून आवाज रिक्षातलाच. नव्या बुकशेल्फ, म्हणजे टेबलावर मावणाऱ्या छोट्या स्पीकरसाठी ₹४५,००० बाजूला काढलेत.

मध्येच चिंचवडच्या काकांचा फोन आला. १९८४ साली मस्कतहून कायमचे परतताना त्यांनी यामाहा एनएस-१० एमची जोडी आणली होती. काळी पेटी, पांढराशुभ्र कोन, लहानपणी हात लावायची बंदी. आता काका-काकू लहान फ्लॅटमध्ये जातायत. म्हणाले, "घेऊन जा, मला १५ हजार दे. फुकट दिलेल्या वस्तूला कोणी विचारत नाही." रविवारी जाऊन ऐकून आलो. भीमसेनजींची एलपी लावली होती. तानपुरा छान, पण गाणारा समोर बसलाय असं काही वाटेना. आवाज खोलीभर सांडल्यासारखा, आणि डग्गा तर जवळजवळ नाहीच. काकांसमोर बोललो नाही.

माझी खोली १० बाय १२, खाली फरशी, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट. स्पीकर टीव्हीच्या टेबलावरच ठेवणार, मागे जेमतेम चार बोटं जागा. ऐकतो ख्याल, नाट्यसंगीत, जुनी हिंदी गाणी. काय करू?

जुना_बाजार
विचारताय काय? आज रिक्षा करा आणि उचलून आणा!

एनएस-१० हे काय प्रकरण आहे माहीत आहे ना? यामाहाने १९७८ साली घरगुती स्पीकर म्हणून काढला. घरांत फारसा चालला नाही, पण स्टुडिओवाल्यांनी असा डोक्यावर घेतला की पुढची वीस वर्षं जगभरच्या मिक्सिंगच्या टेबलांवर तोच पांढरा कोन. २००१ मध्ये बंद झाला, तोही खप नाही म्हणून नव्हे, तर कोनाच्या कागदाला लागणारा लगदा मिळेना म्हणून. २००८ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. स्पीकरला ग्रॅमी! जवळ जाऊन बघा, कोनावर एक शिवण दिसेल. सपाट कागद गुंडाळून चिकटवलाय, शेंगदाणेवाल्याच्या पुडीसारखा. अशी वस्तू १५ हजारांत मिळते का हो कुठे?

आणि ते ४५ हजारांचे नवे खोके: भुशाच्या फळीवर लाकडाचं चित्र छापलेलं प्लास्टिक. माझी सोनोडाइनची जोडी वडिलांनी घेतलेली आहे. तिच्यावर आधी आम्ही चढलो, आता नातू चढतो.

सरळरेषा
तुमच्याच प्रतिसादात उत्तर आहे की: "घरांत फारसा चालला नाही." का नाही चालला, ते बघू.

एनएस-१०च्या आलेखात (कुठला सूर किती जोरात वाजतो त्याच्या) एक ते दोन किलोहर्ट्झच्या दरम्यान टेकडी आहे, चांगली पाचेक डेसिबलची. खाली खर्ज तोकडा. म्हणजे गळा अंगावर येणार आणि डग्गा गायब होणार. माजघर यांनी दुसरी गोष्ट स्वतःच ऐकलीय. रेकॉर्डिंगवाल्याला हेच हवं असतं, कारण मिक्समधली चूक त्याला बोचली पाहिजे. ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, तर इतका टोचायचा की स्टुडिओत लोक त्यावर टिश्यू पेपर चिकटवायचे. ते कारखान्यातलं भिंग आहे. घरी जेवताना कोणी भिंग लावून भात बघत नाही.

दुसरं, "जुनं ते सोनं"बद्दल. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून माणसं बसवली. त्यांचे निष्कर्ष १९८५-८६ मध्ये छापून आले. कंपनी, लाकूड, किंमत काही दिसत नसलं की बहुतेकांना तेच स्पीकर आवडतात ज्यांचा समोरचा आलेख सपाट असतो आणि बाजूला जाणारा आवाजही त्याच चालीने उतरतो. नंतर हार्मन या स्पीकर कंपनीत तेच स्पीकर आधी झाकून आणि मग उघडे ऐकवले, तर गुण बदलले! डोळे कानांना लाच देतात. आज हे सगळं मोजून, संगणकावर आधी बघून मग पेटी बनते. ४५ हजारांत जे मिळतं ते १९७८ साली कुठल्याही किमतीला मिळत नव्हतं.

जुना_बाजार
"कुठल्याही किमतीला" जरा जपून. बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए बनवला, पाचेक लिटरची पेटी. निवेदकाचा आवाज निवेदकासारखा यावा एवढंच मागणं. २०१२ मध्ये केफ कंपनीने स्वतःच्या पन्नाशीला एलएस५० स्पीकर काढला तो कुणाला नमस्कार करून? याच आजोबांना. तुमचा आधुनिक लाडका जुन्याचा नातू आहे.

आणि एनएस-१०ची अर्धीच गोष्ट सांगितलीत. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठात तो पुढे मोजला गेला. खर्जातला आवाज थांबायला हवा तिथे तो झटकन थांबतो, मागे शेपूट राहत नाही. बंद पेटी, खर्ज वाढवायला हवेचं भोक नाही, म्हणून. तबला ऐकणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

सरळरेषा
थांबतो छान, पण आधी सुरू तर व्हायला हवा.

(एलएस३/५ए बद्दल आदर आहेच. पण त्याची संवेदनशीलता, म्हणजे एका वॉटला निघणारा आवाज, ८२-८३ डेसिबल. ८८ वाल्याइतका आवाज काढायला जवळपास चौपट वॉट घाला. आणि आज त्याचा भाव विचारा, मग दुसरा धागा काढावा लागेल: "एलएस३/५ए की स्कूटर?")

पाचवा_मजला
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

निषाद
दोघंही खर्ज-खर्ज करताय म्हणून सांगते. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा सा साधारण १३८ हर्ट्झ. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९. आणि त्या तारेतही आपण मूळ स्वर कमी ऐकतो, जवारीतून, म्हणजे घोडीवरच्या तारेच्या झंकारातून उठणारे वरचे स्वर जास्त ऐकतो. म्हणजे ख्यालासाठी जमीन हादरवणारा स्पीकर लागतच नाही. एनएस-१० ६० हर्ट्झपर्यंत जातो असं कंपनीच सांगते, ते ख्यालाला पुरे.

पण सरळरेषा यांची टेकडी मला जास्त खुपेल. जवारीची सगळी कलाकुसर वरच्या स्वरांत असते. तिथे पाच डेसिबल चढले की तानपुरा पितळी होतो, आणि तार सप्तकातला गळा किंचित कर्कश. आमच्या क्लासमध्ये एक असा "स्पष्ट" स्पीकर आहे. अर्ध्या तासाने कपाळ दुखतं. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, पण नवाकोरा आहे. त्यामुळे नवा म्हणजे सपाट, हेही कोणी गृहीत धरू नका.

वायरमन
पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या आसपास टेबल टाकून तीस वर्षं झाली. स्पीकर उघडण्यात आयुष्य गेलं, म्हणून बोलतो. नवा-जुना भांडण फुकटचं. जुना म्हणजे कुठला जुना, ते बघा.

जुन्यात पहिला मरतो फोम. कोनाच्या कडेला जी मऊ गोल किनार असते ती फोमची असेल तर आपल्या हवेत दहा-पंधरा वर्षांत तिचा बाजरीच्या भाकरीसारखा चुरा होतो. बोट लावलं की बोटाला काळी चिकट पूड. ऐंशी-नव्वदमधले कितीतरी चांगले स्पीकर याच एका कारणाने भंगारात गेले. किनार बदलता येते, पण कोन मध्यभागी बसवणारा हात पाहिजे, नाहीतर कोनामागची तारेची कॉइल घासते आणि खर्रखर्र येतं. काकांची जोडी यातून सुटली, एनएस-१०ला कापडाची किनार आहे. ती सहसा टिकते.

दुसरं, आतले कपॅसिटर. क्रॉसओव्हरमध्ये (वरचे-खालचे सूर वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) इलेक्ट्रोलिटिक असतील तर चाळीस वर्षांत सुकतात, किंमत बदलते. एका बाजूचा ट्वीटर मंद, दुसऱ्याचा बरा, असं होतं. बदलायला फार खर्च नाही, पण दोन्ही बाजूंचे एकदमच बदला.

तिसरं, ट्वीटर जळालेला तर नाही ना? एनएस-१०चे मूळ ट्वीटर आता कंपनी बनवत नाही. बाजारात मिळतात ते दुसऱ्यांचे. वूफरवर (खालच्या सुरांच्या मोठ्या कोनावर) हात धरून, ट्वीटरजवळ कान नेऊन दोन्हीकडचा आवाज सारखा आहे का बघा.

आणि माजघरसाहेब, तुम्ही जे लिहिलंय ना, "गाणारा समोर बसत नाही, आवाज सांडलेला, डग्गा नाही", ते वाचून मला वेगळीच शंका येते. स्पीकरला नावं ठेवण्याआधी एक करा. घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घ्या. ॲम्प बंद करा, वायरी ॲम्पच्या बाजूने सोडवा. ॲम्पच्या लाल खुंटीतून निघालेल्या टोकाला धन, काळ्यातल्याला ऋण, असा सेल क्षणभर टेकवा. कोन 'टप' करून हलेल. बाहेर आला की आत गेला ते लिहून ठेवा. मग दुसरा स्पीकर. दोन्ही एकाच दिशेला हलले पाहिजेत. कुठल्या दिशेला, याला महत्त्व नाही. जुन्या जेबीएलमध्ये तर लालला धन दिलं की कोन आत जायचा, ती त्यांची पद्धत. उलटसुलट हलले तर एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि खर्ज एकमेकांत जिरतो.

लालमाती
सावंतवाडीहून. पुण्या-मुंबईच्या लोकांना हवा म्हणजे काय कळत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात भुशाच्या फळीची पेटी खालच्या कडेने फुगते, व्हिनियर पापडासारखं उठतं. आणि ज्या स्पीकरला मागे भोक असतं ना, त्यात झुरळं संसार थाटतात. माझ्या एका जोडीतून मारव्याच्या आलापात खुडखुड यायची. टॉर्च मारून बघितलं तर मिशा. बंद पेटीचा हा फायदा तुमच्या कुठल्याच आलेखात येत नाही.

सरळरेषा
हे मोजायला हवं खरं, हसून पुरे झालं.

पण मागच्या भोकाचा मुद्दा झुरळांशिवायही महत्त्वाचा आहे, आणि इथे मला थोडं मागे यावं लागेल. माजघर यांच्याकडे मागे चार बोटं जागा. बहुतेक नव्या बुकशेल्फना मागे भोक असतं, त्यांना भिंतीपासून किमान वीतभर, खरं तर फूटभर मोकळं लागतं. नाहीतर खर्ज फुगतो. त्यात १० बाय १२ची खोली: १२ फुटांना साधारण ४७ हर्ट्झ आणि १० फुटांना ५६ हर्ट्झची घुमी आधीच आहे. तिथे जोरदार खर्जाचा नवा स्पीकर भिंतीला चिकटवला तर डग्गा सगळा एकाच सुरात "भूं" करेल. एनएस-१० मुळात भिंतीजवळ, कपाटात ठेवायलाच काढला होता. भिंत त्याची खर्जाची कसर थोडीफार भरून काढते. मोकळ्यावर ठेवला तर उघडा पडतो.

तरी माझं मत नवाच घ्या. फक्त पुढे भोक असलेला घ्या, म्हणजे एलॅक डेब्यू २.० बी६.२सारखा, किंवा मागच्या भोकात बसणारा स्पंजचा बोळा मिळतो असा. आणि तुमचे स्वतःचे दोन-चार आवडते तुकडे घेऊन दुकानात जा. दुकानदार जी गाणी लावतो ती सगळ्याच स्पीकरवर चांगली वाजतात, म्हणून तर तो लावतो. आवाजाची पातळी दोन्हीकडे सारखी ठेवायला सांगा, जरासा मोठा वाजणारा नेहमीच "चांगला" वाटतो.

जुना_बाजार
अखेर भिंतीने तरी सरळरेषेला वाकवलं!

दुकानात ऐकायला तुमच्या शहरात दुकान उरलंय का पण? सगळं बॉक्स उघडून परत पाठवण्यावर आलंय. काकांची जोडी त्यांच्या घरी, चहा घेत घेत ऐकता येते.

निषाद
१५ हजारांत काकांची जोडी आणि उरलेल्या ३० हजारांत गालिचा आणि जाड पडदे, असं कोणीच का म्हणत नाहीये? उघड्या फरशीवर सगळंच चरचरतं. नवा असो, जुना असो.

माजघर (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. काल सेल घेऊन चिंचवडला गेलो होतो.

काकांनी "हे काय आता, डॉक्टर झालास का" म्हणून आधी हात लावू दिला नाही. शेवटी काकूंनी मध्यस्थी केली. ट्वीटर दोन्ही सारखे, किनार कापडाची, एकदम ठणठणीत. शिवणही दिसली, जुना_बाजार. आणि मग सेल. डावा कोन बाहेर आला. उजवा आत गेला. तीनदा करून बघितलं.

उजव्या बाजूची वायर मधेच जोडलेली आहे, चिकटपट्टी गुंडाळून. २०११ मध्ये घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने तोडली आणि काकांनी अंदाजाने जोडली. म्हणजे तेव्हापासून गृहस्थ उलट ऐकतायत. पट्टी सोडवून दोन तारा बदलल्या, दोन मिनिटांचं काम. तीच एलपी परत लावली. वायरमन, काय सांगू! गाणारा दोन पेट्यांच्या बरोबर मधोमध, टीव्हीच्या जागी येऊन बसला. डग्गा आला. फार खोल नाही, पण आला. तार सप्तकात थोडं अंगावर येतं हे खरंय, निषाद म्हणतात तसं. एलपीच्या दोन्ही बाजू ऐकून होईपर्यंत कोणी बोललं नाही.

मग काका उठले, एलपी पिशवीत घातली आणि म्हणाले, "आता नाही देत."

तर सरळरेषा, तो पुढे भोकवाला पुण्यात कुठे ऐकायला मिळेल?