आंबा घाटात जुनी पिकअप जीव सोडते, फिटर म्हणतो इंजिन उघडा

बागायतदार_पावस:
नमस्कार मंडळी. आमची २००५ ची डिझेल पिकअप आहे. टर्बो नाही, जुन्या धाटणीचा पंप. मीटरवर २ लाख ८४ हजार किमी. वडिलांनी घेतलेली गाडी, आणि आंब्याचा अख्खा हंगाम तिच्याच जिवावर चालतो.

सध्या दोन दुखणी आहेत. सकाळी पहिला सेल्फ मारला की गाडी घेतच नाही. फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल चढवायचा दट्ट्या, वीस-पंचवीस वेळा दाबला की लागते, आणि मग दिवसभर एका सेल्फात. दुसरं दुखणं घाटाचं. परवा रात्री ७० पेट्या भरून कोल्हापूरला निघालो. पाली, नाणीज, साखरपा, कसला त्रास नाही. आंबा घाटात चार वळणं चढलो आणि गाडीने जीव सोडला. अ‍ॅक्सिलरेटर पार खाली, तरी दुसऱ्या गिअरमध्ये ओढेना. कडेला घेऊन दहा मिनिटं थांबलो तर परत लागली, दोन किमी झकास चढली, की पुन्हा तेच. असं चार वेळा झालं. बाजारात पोचलो तेव्हा सौदे उरकले होते, माल पडेल भावात द्यावा लागला.

डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर दोन्ही नवे टाकलेत. इथला फिटर म्हणतो कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलंय, इंजिन काम करा, ६५ हजार आणि आठ दिवस. ऐन हंगामात आठ दिवस गाडी उभी करणं मला परवडणारं नाही. ऑइल महिन्याला जेमतेम अर्धा लिटर कमी होतं. खरंच पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील का?

दूधगाडी_कराड:
माझी घाटात अशीच दम टाकायची. इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून कॅलिब्रेट करून घेतले आणि फरक पडला. पण माझी मागून काळाकुट्ट धूर सोडत होती, आणि थांबल्यावर बरी व्हायची नाही. तुमचं वेगळं वाटतंय.

डिझेलपंप_शिरोली:
भावा, इंजिनला अजून कुणाला हात लावू देऊ नको. ३१ वर्षं मी डिझेल पंपाचंच काम केलंय. तू लिहिलंयस त्यातच निम्मं उत्तर आहे. रिंगा गेलेलं इंजिन दहा मिनिटं विसावा घेऊन दुरुस्त होत नाही. आणि प्रायमर मारल्यावर लागतं म्हणजे त्याला कॉम्प्रेशन आहे, डिझेल नाही.

आधी दोन गोष्टी बघून सांग. सकाळी सेल्फ मारताना कुणाला तरी सायलेन्सरमागं उभा कर. पांढरा धूर येतोय आणि तरी गाडी लागत नाही, तर डिझेल आत जातंय पण जळत नाही. मग थंड इंजिन तापवणारे हीटर प्लग, कॉम्प्रेशन असली भानगड. धूर अजिबात नाही, तर डिझेल तिथवर पोचतच नाही. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांवर मारू नको, मोटर जळेल. दुसरं, इंजिन गरम झाल्यावर आयडलला ऑइल भरायचं झाकण काढून भोकावर उलटं ठेव. भकाभका वारा येऊन झाकण उडालं तर रिंगांचा विचार करू. नुसतं थरथरलं तर रिंगा ठीक समज.

आणि मला सांग, पावसाळ्यात गाडी कुठं असते?

बागायतदार_पावस:
काका, आज सकाळी बघितलं. धूर औषधालाही नाही. झाकण जागेवरच थरथरतंय. पावसाळ्यात गाडी बागेतल्या पत्र्याखाली उभी असते. जून ते सप्टेंबर काम नसतं, टाकीत पाव भाग डिझेल असेल.

डिझेलपंप_शिरोली:
मग झालं तर. चार महिने कोकणातला दमट वारा, टाकी पाऊण रिकामी. आत हवेतलं पाणी सुटून तळाला बसतं, टाकी गंजते, आणि पाणी-डिझेलच्या मधल्या थरात काळी बुळबुळीत घाण वाढते. टाकीतल्या ओढनळीच्या टोकाला बारीक जाळी असते. सपाटीवर इंजिनला थोडं डिझेल लागतं, तेवढं त्यातून निघतं. घाटात भरल्या गाडीला ओढ वाढली की घाण जाळीला चिकटते आणि डिझेल तुटतं. थांबलास की ओढ थांबते, घाण सुटून खाली पडते, गाडी पुन्हा पळते. नवा फिल्टर टाकून उपयोग नाही, कारण आडकाठी फिल्टरच्या आधी आहे.

सकाळचं दुखणं वेगळं असणार. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत कुठंतरी हवा शिरते आणि रात्रभरात डिझेल मागं टाकीत उतरतं. एक ध्यानात ठेव, त्या बाजूला डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. त्यामुळं नळी वरून कोरडी ठणठणीत दिसते आणि फिटर पुढं जातो.

खात्री करायला पाच लिटरचा स्वच्छ कॅन घे, चांगला आवळून बांध, आणि फीड पंपाला त्यातनं डिझेल दे. मधे हातभर पारदर्शक नळी टाक. जुळवून झालं की फिल्टरवरचा हवा सोडायचा स्क्रू ढिला करून प्रायमर मार, फेस जाऊन अखंड धार आली की आवळ. मग भरली गाडी चढावर ने. पळाली तर सगळा दोष टाकीकडचा. आणि नोझलच्या नळ्यांना हात लावशील तर चालू इंजिनवर उडत्या धारेपुढं बोट आणू नको. ती धार कातडी फोडून आत शिरते. आमच्या एका पोराच्या हाताचं ऑपरेशन करावं लागलं होतं, म्हणून तळमळीनं सांगतोय.

दूधगाडी_कराड:
टाकीचं झाकणही बघा. त्यातलं हवेचं बारीक भोक बुजलं तरी अशीच लक्षणं दिसतात. गाडी दमली की लगेच झाकण उघडायचं, सुस्स करून हवा आत गेली तर तेच.

बागायतदार_पावस:
काका, कॅन लावून ४० पेट्यांचं वजन टाकलं आणि निवळीचा घाट दोनदा चढलो. एकदाही दमली नाही. पारदर्शक नळीत एक बुडबुडा नाही. मग तीच नळी टाकीच्या लाइनवर जोडली, तर मोहरीएवढे बुडबुडे सारखे येत होते.

काल टाकी उतरवली. जाळीवर काळी साय, बोटाने ओढली तर शेवाळासारखी लांब आली. तळाशी तपेलंभर पाणी आणि गंजाचा चुरा. चासीच्या क्लॅम्पखाली रबरी नळी वाकवली तेव्हा आत चीर दिसली. वरून नवीकोरी वाटत होती. झाकणाचं भोक मोकळं निघालं. टाकी धुऊन वाळवली, जाळी, नळी, क्लिपा नवीन टाकल्या, डिझेल फिल्टर पुन्हा बदलला. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत. आज सकाळी पहिल्या सेल्फात लागली. घरात आई वडिलांच्या फोटोकडे बघून म्हणाली, गाडी उठली हो. काका, तुमचे उपकार कसे फेडू?

डिझेलपंप_शिरोली:
उपकार कसले रे. हा नवा फिल्टर महिन्याभरात परत बदल, लाइनीत राहिलेली घाण त्यात येईल. नळीच्या जोडावरच्या बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर जुनेच लावले असशील तर तेही नवे टाक, पाच-दहा रुपयांची वस्तू. आणि मे अखेरीस शेवटची खेप झाली की टाकी गळ्यापर्यंत भरून मगच गाडी पत्र्याखाली लाव.